वाचला असे समजावे

डिसेंबरात नागपूरला उतरणारा पत्रकार अधिवेशनासाठीच आला असणार, हे तिथे गृहीत असते. स्टेशनाबाहेरच्या सायकलरिक्षावाल्याने माझ्या खिशातली वही आणि दोन पेने पाहिली आणि काही न विचारता आमदार निवासाचा रस्ता धरला. अर्ध्या वाटेत त्याला सांगितले, की मला कॉलेजवर जायचे आहे, गणिताच्या परिषदेला. त्याने पायडल मारायचे थांबवले.

"गनिताची परिषद? तिथं काय करतात जी?"

हेच मी पुण्याहून निघताना संपादकांना विचारले होते. त्यांनाही सांगता आले नव्हते. विज्ञानाचे पान पाहणारा सहकारी रजेवर होता, आणीबाणी उठून दुसरा हिवाळा चालू होता, राजकारणाच्या बातम्यांना तोटा नव्हता. तरीही तीन दिवस, दोन मजकूर, सामान्य वाचकाला कळेल असे, एवढ्या सूचनेवर मला पाठवले होते. वीस वर्षांत मी साखरेपासून संस्कृतापर्यंत सगळ्या विषयांच्या परिषदा पाहिल्या आहेत. विषय बदलतो; समई वाऱ्याने विझते, पाहुणे उशिरा येतात आणि आभार मानणारा सर्वांत जास्त वेळ बोलतो, हे बदलत नाही.

शुक्रवार

अधिवेशनामुळे शहरातली एकही लॉज रिकामी नव्हती. निमंत्रकांनी, म्हणजे गणित विभागाच्या प्रा. देशकरांनी, माझी सोय विद्यार्थी वसतिगृहात केली होती. मुले नाताळच्या सुट्टीला घरी गेलेली. खोलीत दोन लोखंडी खाटा, एक टेबल, भिंतीवर कुणीतरी कोळशाने लिहिलेले वेळापत्रक. थंडी अशी, की पुण्याहून आणलेली चादर अंथरायला काढावी की पांघरायला, हे ठरवेपर्यंत पाय गार पडले.

दुसऱ्या खाटेवर एक गृहस्थ स्वेटर काढून खिडकीबाहेर झटकत होते. पन्नाशीचे, सडपातळ, गळ्यात मफलर. "कोराडीची राख हाय जी," ते म्हणाले. "बस तिथून येते, वीजघराजवळून. खिडकीजवळ बसलं का मानूस पांढरा होऊन उतरते."

महादेवराव निखाडे. खाप्याच्या शाळेत गणित शिकवतात. खापा म्हणजे कन्हान नदीवरचे नगरपालिकेचे गाव, सावनेर तालुक्यातले. घरी थोडी शेती आहे, ती भाऊ पाहतो. निखाडेजींनी (तिथे सगळ्यांना 'जी' लागतो, दोन दिवसांत मलाही लागला) तरुणपणी नागपुरात एम. एस्सी. केले आणि गावी परत गेले. परिषदेत ते निबंध वाचणार होते. शाळेतून आलेले ते एकटेच; बाकी सगळे कॉलेजांतले आणि संस्थांतले.

उद्घाटन दहाला होते. पाहुणे विधानभवनातून पावणेबाराला सुटले. त्यांनी भाषणात शून्याचा शोध भारताने लावला हे तीन वेळा सांगितले आणि गेले. व्यासपीठावरच्या कापडी फलकावर 'संख्यासिद्धांत व प्रतिरूपण सिद्धांत: विभागीय परिषद' असे लिहिले होते. पहिला शब्द मला अंदाजाने कळला. दुसऱ्याबद्दल मी जेवणाच्या रांगेत चौघांना विचारले. तिघांनी इंग्रजीत व्याख्या सांगितली. चौथ्या होत्या डॉ. मालती सबनीस, मुंबईहून आलेल्या प्रमुख वक्त्या, साठीजवळच्या, करड्या केसांच्या. त्यांच्या हातात ताट होते आणि घसा बसलेला होता.

"वस्तूला हात लावता येत नसेल तर तिच्या सावल्या मोजायच्या," त्या म्हणाल्या. "सगळ्या सावल्या मिळाल्या की वस्तू मिळाली असं धरायचं. जेवू का आता?"

जेवणात वडाभात होता. आपल्याकडे भातावर वरण येते. इथे डाळीचे वडे भातात कुस्करतात आणि वर मोहरी-हिंगाची कडकडीत फोडणी ओततात. वाढणारा फोडणी ओतताना हात आखडत नाही. खाऊन दुपारच्या सत्रात जागे राहणे अवघड गेले, आणि त्याचा दोष मी व्याख्यात्यांना देत नाही.

पहिल्या गोंधळाची बातमी संध्याकाळी कळली. सगळ्या निबंधांचे सारांश सायक्लोस्टाइल करून एका पुस्तिकेत बांधले होते. टाइपरायटरवर गणिताची चिन्हे नसतात. म्हणून टंकलेखक तेवढी जागा मोकळी सोडतो आणि नंतर कुणीतरी जाणकार स्टेन्सिलवर टोकदार सळईने ती चिन्हे कोरतो. अठराव्या पानापर्यंत ती कोरली होती. मग कोरणाऱ्या प्राध्यापकांना ताप आला. तारीख जवळ आली, स्टेन्सिले तशीच मशीनवर चढली.

निखाडेजींचा सारांश एकतिसाव्या पानावर होता. इंग्रजीचे मराठी केले तर तो असा होता: 'समजा, ____ ही ____ ची वाटणी आहे आणि ____ हे ____ पेक्षा लहान नाही. तर ____ ला नेहमी ____ ने भाग जातो.' असे पानभर. मोकळ्या जागा सव्वीस.

त्यांनी पान दोनदा वाचले. मग पेनात शाई भरली.

शनिवार

सकाळी वसतिगृहासमोरच्या टपरीवर पोहे खाल्ले. पोह्यांवर लाल रस्सा ओतून देतात, त्याला तर्री म्हणतात. मी ती आमटीसारखी वाटीने मागून घेतली आणि प्यालो. पुढची दहा मिनिटे मी डोळे पुसत होतो. टपरीवाला कौतुकाने पाहत होता. "पुन्याचे काय जी?" त्याने विचारले. "असू द्या. तिकडं खोबरं टाकतात म्हने पोह्यावर."

निखाडेजी तोवर कामाला लागले होते. सत्तर पुस्तिका वाटल्या गेल्या होत्या. प्रत्येकीत सव्वीस जागा. ते चहाच्या सुट्टीत, सत्रांच्या मधे, नळापाशी, एकेका प्रतिनिधीसमोर उभे राहत, "पुस्तिका द्या न जी, दोन मिन्टं," म्हणत आणि उभ्याउभ्याच एकतिसाव्या पानावर चिन्हे भरून परत देत. त्यांचे अक्षर बारीक, सरळ आणि न थकणारे होते. बहुतेकांनी दिल्या. काहींनी कपाळाला आठी घालून दिल्या. एका तरुण प्राध्यापकाच्या पानावर शाई सांडली, तो म्हणाला, "राहू द्या सर, मी काही हे वाचणार नाही."

"वाचा नका वाचू," निखाडेजी म्हणाले, "पर चुकीचं तर जवळ ठेवू नका."

देशकर सर तिथूनच चालले होते. आडव्या बांध्याचे, घामेजलेले, हातात सतत कसली तरी यादी. "काय निखाडेजी, शाळेत पेपर तपासून मन भरलं नाही का तुमचं?"

"तपासतच नाही न सर इथं कोनी. म्हनून मीच तपासून राहिलो."

देशकर मोठ्याने हसले आणि निखाडेजींच्या पाठीवर थाप मारून पुढे गेले. माणूस वाईट नव्हता. तीन दिवस तो बसलेला मी पाहिला नाही.

मी मदत करू का, असे विचारले. निखाडेजींनी मला एक चिन्ह काढायला दिले, पाहिले, आणि पुस्तिका हळूच माझ्या हातातून काढून घेतली.

दुपारी जेवण झाल्यावर आम्ही मैदानाच्या कडेला उन्हात बसलो. नागपूरच्या हिवाळ्यातले दुपारचे ऊन ही तिथली सर्वांत चांगली सोय आहे. त्यांनी घरून बांधून आणलेल्या शेंगदाण्यांची पुरचुंडी उघडली आणि पाच दाणे रुमालावर ठेवले.

"पाच दाने. याचे ढीग करा. एकच ढीग, किंवा चार-एक, किंवा तीन-दोन. किती परीने होतात?"

मी केले. सात परीने होतात. सहा दाण्यांच्या अकरा परी होतात. त्यातली एक माझ्या हातून सुटली आणि त्यांनी ती दाखवली.

"बस, एवढंच. याले वाटणी म्हणतात. आता दाने वाढवत गेलं का परी लई वाढतात. मी वाटण्याइवर काही अटी घातल्या. कोनता ढीग किती लहान चालन, किती मोठा चालन. आन् त्या अटीत बसनाऱ्या वाटण्या मी हलवतो. एका ढिगाचे कडेचे दाने दुसरीकडं लावतो, नियमानं. पाच वेळा हलवलं का पहिली वाटणी परत येते. म्हंजे सगळ्या वाटण्या पाच-पाचाच्या रिंगनात उभ्या हायत. म्हंजे त्याइच्या संख्येले पाचानं भाग जातेच. एकोनचाळीस, चव्वेचाळीस, अशी पाच-पाचानं पुढं जानारी कोनतीबी संख्या घ्या."

हे समजायला गणित लागत नाही, हे माझ्या लक्षात आले. मला ते समजले. मी विचारले, की हे नवे आहे का.

"ते मले माहीत नाही." दाणे गोळा करत ते म्हणाले. "अकरा वर्सं झाली. दोघाइले पत्र लिहिलं. एकाचं उत्तर नाही आलं. दुसऱ्यानं लिहिलं, छान आहे, चालू ठेवा. आता चालू काय ठेवू? खाप्यात कोनाले दाखवू? हेडमास्तर म्हणतात, निखाडे, तुम्ही हुशार आहात. घरी म्हणतात, तुमचं ते दान्याचं झालं का. छापून यावं, नाव व्हावं, असं काही नाही जी. मले कोनी तरी सांगावं का हे खरं हाय का खोटं हाय. बस. खोटं असन तर खोटं. पर अकरा वर्सं मी एकटाच बोलून राहिलो."

मैदानात कॉलेजचा शिपाई खुर्च्या मोजत होता. निखाडेजींनी मफलर सारखा केला आणि उरलेल्या नऊ पुस्तिकांच्या मालकांना शोधायला उठले. त्यांचा निबंध रविवारी दुपारी साडेबाराला होता, पंधरा मिनिटे, शेवटून पहिला.

रविवार

परिषदांमध्ये वेळ कसा जातो हे बाहेरच्या माणसाला नीट दिसते. प्रत्येक निबंधाला पंधरा मिनिटे. बाराव्या मिनिटाला अध्यक्ष घंटी वाजवतात. बोलणारा घंटीकडे पाहून हसतो आणि "फक्त एकच गोष्ट" म्हणून आणखी दहा मिनिटे बोलतो. सकाळपासून हे चालले होते. साडेअकराला एका निवृत्त प्राध्यापकांना त्यांच्या काळातल्या आठवणी सांगायला दोन मिनिटे दिली गेली. त्यांनी चाळीस घेतली. कुणी अडवले नाही. सभागृहातल्या निम्म्या लोकांचे ते गुरू होते.

साडेबाराला अजून सात निबंध उरले होते. एक वाजेपर्यंत त्यातले दोन झाले. बाहेर रामटेकच्या सहलीची बस उभी राहिली आणि तिने भोंगा दिला. पुरीभाजीची पाकिटे बसमध्येच द्यायची होती. सभागृहात चुळबुळ सुरू झाली, पिशव्या मांडीवर आल्या.

देशकर माइकपाशी गेले. "वेळेअभावी उरलेले पाच निबंध वाचले असे समजण्यात येत आहे. सर्व लेखकांचे अभिनंदन. बस मागच्या दाराशी आहे."

टाळ्या झाल्या. ही तिथली जुनी पद्धत आहे, दर वर्षी पाच-सात निबंधांच्या वाट्याला ती येते, असे मला शेजारच्याने समजावले. निबंध वाचल्याचा दाखला मिळतो, इतिवृत्तात नाव येते, आणि बोलायचा त्रास वाचतो. त्या पाचांपैकी चौघांनी स्वतः टाळ्या वाजवल्या. एकाच्या चेहऱ्यावर तर सुटकेचा आनंद होता.

निखाडेजी फळ्याजवळच्या पहिल्या बाकावर होते. खडू त्यांच्या हातात होता. ते उठून देशकरांकडे गेले.

"सर, दहा मिन्टं."

"निखाडेजी, झालं ना आता. वाचला तुमचा."

"मी वाचला कुठं सर?"

"अहो, दाखल्यावर 'सादर केला' असंच येईल. इतिवृत्तात येईल. शाळेत दाखवा, सेवापुस्तकात लावा."

"दाखला तुम्ही चौघाइले द्या. मले ऐकनारं एक मानूस द्या."

देशकरांनी यादीची घडी केली. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, तीन दिवसांचा शिणवटा होता. "अहो, साठ लोक बसमध्ये बसून राहिले आहेत. मी कोणाला उतरवू? पुढच्या वर्षी पहिला ठेवतो तुमचा, शब्द देतो. चला, तुम्हीही चला, सीट आहे." ते गेले. त्यांनाही बसमध्ये माणसे मोजायची होती.

सभागृह पाच मिनिटांत रिकामे झाले. मी गेलो नाही, कारण मला बातमी लिहायची होती आणि डोंगरावरच्या पायऱ्या चढण्याची ताकद नव्हती. निखाडेजी फळ्यासमोर उभेच होते. बस निघाल्याचा आवाज आला.

मागच्या रांगेत कुणीतरी खोकले. डॉ. सबनीस होत्या. चपला काढून पाय समोरच्या बाकावर टेकलेले, डोळे मिटलेले.

निखाडेजी तिकडे अर्ध्यापर्यंत गेले आणि थांबले. "म्याडम, तुमी नाही गेल्या रामटेकले?"

"पायऱ्या आहेत ना तिथे." डोळे न उघडता.

"तुमी थकल्या असान."

"थकले आहे. काय आहे?"

"पान एकतीस."

त्यांनी डोळे उघडले, पिशवीतून पुस्तिका काढली, पान उलटले. काल नळापाशी निखाडेजींनी ते भरले होते. त्या थोडा वेळ वाचत राहिल्या. "हे तुम्ही हाताने भरलंत? सगळ्यांच्या?"

"सदुसष्ट झाल्या. तिघं सापडले नाहीत."

"बरं. लिहा फळ्यावर. प्रस्तावना नको, आभार नकोत. सरळ पहिली ओळ."

निखाडेजी लिहू लागले. शाळेतल्या शिक्षकाचा हात होता. ओळ सुरू झाली तशीच सरळ संपे. ते बोलत इंग्रजीत आणि अडले की आपल्या भाषेत. बाई मधे मधे अडवत. "हे कशावरून?" ते सांगत. "पुढे." "ही अट का?" ते सांगत. "पुढे." इतका जलद आणि इतका कोरडा संवाद मी वृत्तपत्रात दिवाळी अंकाच्या आदल्या दिवशीच ऐकला आहे. निखाडेजींच्या कानशिलावर डिसेंबरात घाम आला होता.

शिपाई झिबलजी किल्ल्यांचा जुडगा घेऊन कुलूप लावायला आला. त्याने फळ्याकडे पाहिले, बाईंकडे पाहिले, आणि दाराजवळच्या बाकावर बसला. "बाकीचे तर गेले न जी," तो मला हळूच म्हणाला. "मंग हे कोनाले शिकवून राहिले?"

पाचव्या ओळीत ढीग हलवण्याचा नियम आला. निखाडेजींनी एका ढिगाला एक अशा ठिपक्यांच्या रांगा काढून तो दाखवला. कडेचे ठिपके ओळीतून रकान्यात जात आणि रकान्यातून ओळीत. पाच वेळा हलवून त्यांनी पहिली आकृती परत आणली. मला ते सुंदर वाटले. आठव्या ओळीवर बाई म्हणाल्या, "थांबा."

त्या पुस्तिकेकडे पाहत होत्या. "सात ओळी काढा. प्रत्येकीत सात ठिपके. तुमच्या अटींत बसते ना ती?"

निखाडेजींनी क्षणभर विचार केला. "बसते."

"हलवून दाखवा."

त्यांनी चौकोन काढला. नियमाप्रमाणे कडा पुसली, नियमाप्रमाणे लावली. समोर तोच चौकोन होता. त्यांनी पुन्हा पुसले, पुन्हा लावले. तोच. तिसऱ्या वेळी हात निम्म्यातच थांबला.

"हा हलत नाही," बाई म्हणाल्या. आवाज बसलेलाच होता, पण आता त्यात सावकाशी आली होती. "याचं पाचाचं रिंगण होत नाही. हा एकटाच उभा राहतो."

"सात सत्ते एकोनपन्नास," निखाडेजी म्हणाले. ते आमच्याशी बोलत नव्हते. "मी हातानं चव्वेचाळीसपर्यंत मांडून पाह्यलं होतं. एकेक वाटणी. पाच-पाचानंच पुढं जायचं होतं. पुढची एकोनपन्नासच होती."

"का थांबलात?"

"लेकीचं लगन आलं." ते खडूकडे पाहत होते. "आन् तवर सगळं जुळूनच राह्यलं होतं, म्याडम. पुढं काहून पाहावं असं वाटलं."

बाहेर शिपायाची सायकल वाऱ्याने पडली. झिबलजी उठला नाही. वीस वर्षांत निवडणुकीत पडलेले, खटला हरलेले, पदावरून गेलेले लोक मी पाहिले आहेत, आणि त्या वेळी पहिला प्रश्न काय विचारायचा हे मला येते. इथे मी वही मिटली.

"हे दुरुस्त होईन?" निखाडेजींनी विचारले.

"माहीत नाही. असा हट्टी एकच आहे की बरेच आहेत, तेही माहीत नाही. खोटा धीर देत नाही तुम्हाला."

"नको. तेच तर पाहिजे होतं." त्यांनी मफलरने कपाळ पुसले. मग फळ्याकडे पाहत म्हणाले, "मंग कुठवर खरं हाय?"

बाई उठल्या. चपला न घालताच फळ्यापर्यंत गेल्या, त्यांच्या हातातून खडू घेतला आणि वरून एकेक ओळ पुन्हा वाचली. घाई केली नाही. चौथ्या ओळीखाली त्यांनी आडवी रेघ मारली.

"इथपर्यंत. या चार ओळी मी कुणाहीपुढे खऱ्या आहेत म्हणून सांगेन. आणि चौथी मी आधी कुठे पाहिलेली नाही."

निखाडेजींनी डस्टर घेतले आणि रेघेखालचे सगळे, ठिपके, चौकोन, आठ ओळींतल्या खालच्या चार, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत नीट पुसले. वर्गात तास संपल्यावर पुसतात तसे.

झिबलजी किल्ल्या वाजवत पुढे आला. "वरचं राह्यलं न गुरुजी. आना, मी पुसतो."

"नको गा झिबलजी," निखाडेजी म्हणाले. "तेवढं राहू दे. ते खरं हाय."

झिबलजीने खिडक्या लावल्या आणि फळा तसाच ठेवून दाराला कुलूप घातले. खाप्याची शेवटची बस साडेपाचची होती. निखाडेजींना ती मिळाली.